उपयोगाचा रकाना

दिल्लीत मला भेटलेला पहिला माणूस माझ्याच गावचा निघाला आणि पहिल्याच मिनिटाला त्याने मला सुनावलं. विद्यापीठात पूर्व आशियाच्या अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश घ्यायला आम्ही रांगेत उभे होतो. पुढच्या माणसाच्या हातातल्या दाखल्यावर तालुका भोकरदन, जिल्हा जालना एवढं मला दिसलं. मान वाकडी करून पाहिलं तर गावाचं नावही दिसलं. हसनाबादच्या पलीकडचं आमचं तीनशे उंबऱ्यांचं गाव दिल्लीत कुणाच्या तरी कागदावर आहे, या आनंदात मी म्हणाले, "अरे, तू आमच्या गावचा का?"

ते वळले. तिशी ओलांडलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत जाडजूड फाइल. "तुम्ही म्हणा," ते म्हणाले. "मी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा हाय."

"सॉरी. गावातलं माणूस दिसलं म्हणून..."

"गावातबी तुम्हीच म्हणा."

आम्ही गावातले जुने जमीनवाले, ते बौद्धवाड्यातले. त्यांच्या वडिलांना किंवा आजोबांना आमच्या घरात कुणी कधी अहोजाहो केलं नव्हतं. मला बावीस वर्षांत त्यात काही खटकलंही नव्हतं, हे इथे कबूल केलेलं बरं. त्या दिवसापासून मी त्यांना तुम्ही म्हणते आणि हे लिहितानाही तसंच लिहिणार आहे. आमच्या काकांनी वाचलं तर दर वाक्याला अडखळतील. अडखळू देत.

वसतिगृहात त्यांना सगळे "दरबारी" म्हणत. ते नाव कसं पडलं ते पुढे येईलच. नाव पडल्यावर त्यांनी वाद घातला नाही, उलट दोन दिवसांनी खोलीच्या दारावर स्वतःच्या सुंदर अक्षरात ते लिहून लावलं. चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

पहिल्या तासाला प्रत्येकाने उभं राहून सांगायचं होतं, की तुम्ही या अभ्यासाकडे कसे वळलात. आमचा वर्ग म्हणजे खिचडी होती. पुण्याच्या एका मुलीचे वडील जपानी कंपनीत होते, ती लहानपणी तीन वर्षं तिकडेच वाढलेली. इम्फाळचा एक मुलगा कोरियन मालिका पाहून कोरियन शिकला होता, आणि उच्चार सोडले तर तो मालिकेतलाच वाटे. लडाखचा एक जण मठातून आलेला, कोलकात्याच्या एकीच्या पणजोबांनी चिनी चित्रं जमवलेली. प्रत्येकाकडे गोष्ट होती आणि ती पाठ होती. माझ्याकडेही होती. मी सांगितलं, की आमच्या गावात पूर्वी फार कुणाला वाचता येत नसे, तेव्हा माझे आजोबा ओसरीवर बसून साऱ्या गावाची पत्रं वाचून दाखवायचे, आणि तिथूनच मला भाषेची आवड लागली. मॅडमना ते फार आवडलं. वर्गाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

मग हे उभे राहिले. "जागा शिल्लक होती," म्हणाले आणि खाली बसले.

मॅडमना वाटलं विनोद आहे. त्या म्हणाल्या, अजून काहीतरी सांगा. ते पुन्हा उठले. "अर्थशास्त्राला नंबर लागला नाही. इथे जागा शिल्लक होती. बसलो. आता बसलोय म्हटल्यावर नीट बसेन." पुढे दूतावासाच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीतही, आमच्या देशाबद्दल ओढ का वाटली, या प्रश्नाला त्यांनी हेच उत्तर दिलं आणि शिष्यवृत्ती घालवली. बाकी सगळे आपापली ओढ सांगून तिकडे जाऊन आले.

त्या पहिल्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी मला चहाच्या टपरीवर गाठलं.

"तुमच्या आजोबांनी वाचलेली निम्मी पत्रं माझ्या आईची होती," ते म्हणाले.

"हो का?" मला आनंदच झाला.

"बाप नाशिककडं धरणाच्या कामावर. चौथी शिकलेला. महिन्याला पत्र टाकायचा. टपालवाला आख्ख्या गावचं टपाल तुमच्या ओसरीवर टाकून जायचा. आई पायरीखाली उभी राहायची. वर पाच-सहा जण तंबाखू मळत बसलेले. बापानं आईला काय लिव्हलं ते आधी त्यांनी ऐकायचं, मंग आईनं. हसायचेबी."

मला तोंड कुठे लपवावं ते कळेना. कारण ते हसणं मला ठाऊक होतं. कुणाची तरी बायको पत्र ऐकताना कशी पदर तोंडात घ्यायची, याची नक्कल आमचे काका सणावाराला करतात आणि आम्ही सगळे पोट धरून हसतो. ती बायको कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"तुम्ही अर्धं सांगितलं होतं म्हणून मी उरलेलं सांगितलं," ते म्हणाले. "हे वर्गात सांगायचं न्हाई. कुणालाच सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले. चहाचे पैसे मी द्यायला लागले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

दिल्लीला येण्याआधी त्यांनी गावोगाव टपाल वाटलं होतं. ग्रामीण डाकसेवक म्हणून पाच वर्षं, सायकलवर, पार धावडा गावापर्यंत. त्या काळात पत्रं अशी उरलीच नव्हती. बँकेच्या नोटिसा, विम्याचे कागद, क्वचित कुणा म्हाताऱ्या मामाचं पोस्टकार्ड. ते पोस्टकार्डसुद्धा हे पालथं धरून न्यायचे आणि पालथंच हातात द्यायचे. ज्याला वाचता येत नसे त्याला सांगायचे, घरात पोरगी शिकते तिच्याकडून वाचून घ्या, मी टपालवाला आहे. लोकांना हा माणूस आखडू वाटायचा. तक्रारही झाली होती, की डाकसेवक साधं कार्ड वाचून देत नाही. चौकशीला आलेल्या साहेबाला त्यांनी विचारलं म्हणे, "साहेब, तुमच्या बायकोचं कार्ड मी वाचू का?"

त्यांच्या सवयी सांगायच्या तर रात्र पुरणार नाही. वाचायला बसायचं म्हणजे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टेबलाशी ताठ. आडवं पडून पुस्तक वाचणाऱ्याला ते आजारी समजत. आणि फॉर्म. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक फॉर्ममधले काही रकाने ते मोकळे ठेवत. घराण्याचा व्यवसाय, जीवनातलं ध्येय, छंद. खिडकीवरचा कारकून फॉर्म परत सरकवायचा, हे तो परत आत सरकवायचे. मी एकदा म्हटलं, "भरून टाका ना काहीतरी, कोण बघतंय?"

"कुणी बघत न्हाई तर इचारतात कामून? जे इचारायचा त्यांना हक्क न्हाई ते मोकळं सोडायचं."

दुसऱ्या वर्षी जुन्या जपानी साहित्याच्या तासाला त्यांचा जन्म झाला, असं मी म्हणते. हजार वर्षांपूर्वी तिथल्या दरबारातल्या बायका आणि त्यांचे चाहते एकमेकांना कशी पत्रं पाठवत, हे सर अर्धा तास सांगत होते. कागदाचा रंग ऋतूप्रमाणे निवडायचा, घडी ठराविक घालायची, आणि पत्र एखाद्या डहाळीला बांधून पाठवायचं. भेटीनंतर सकाळी पुरुषाचं पत्र आलंच पाहिजे, उशिरा आलं तर तो अपमान. सर पुढच्या विषयाकडे वळले. हे मात्र वळले नाहीत. त्या दिवसापासून चार वर्षं ते जुनी जपानी भाषा शिकत राहिले. ती आजच्या जपानी माणसालाही कळत नाही. पण वर्गात त्यांच्याइतकी ती कुणालाच येत नव्हती. "दरबारी" हे नाव तेव्हाच पडलं.

आणि मग डहाळ्या सुरू झाल्या. मेसच्या आमटीबद्दलची तक्रार वॉर्डनला मिळाली ती बाभळीच्या काटेरी काडीला बांधून. रजेचा अर्ज कडुनिंबाच्या डहाळीसकट फाइलमध्ये गेला आणि फाइल मिटेना. मला एकदा दारात सुकलेल्या गवताच्या काडीला बांधलेली चिठ्ठी मिळाली: शब्दकोश परत करणे. काडी का सुकलेली, तर मुदत संपली म्हणून. सुट्टीत गावी गेल्यावर त्यांनी नळाला पाणी नसल्याचा अर्ज ग्रामसेवकाला आंब्याच्या डहाळीला बांधून दिला. ग्रामसेवकाला वाटलं लग्नपत्रिका. तो बिचारा उलटसुलट करून मुहूर्त शोधत बसला. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. "कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे नीट द्यायचा," म्हणायचे.

आपल्या माणसांनाही त्यांनी सोडलं नाही. एका सुट्टीत गावातल्या विहारात मंडळींनी त्यांचं भाषण ठेवलं. विषय अर्थातच जपानमधला बौद्ध धर्म. हे उठले आणि तासभर त्या बायका शाई कशी उगाळत, कागदाला सुगंध कसा देत ते सांगत राहिले. शेवटी निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींना राहवलं नाही. "पोरा, समदं छान. पर ह्याच्यात आपलं काय?"

"गुरुजी, समद्यात आपलंच कामून पाहिजे? दुसऱ्याचंबी चांगलं असतंय की."

गुरुजींनी शेजारची जागा दाखवली. मग म्हणाले, "बस खाली. चहा घे." पण ते रागावले नव्हते, हे मला गुरुजींच्याच मुलाने सांगितलं.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणून एवढा वेळ इकडचं तिकडचं सांगितलं.

आम्ही दोघं पीएच.डी.ला लागलो. माझा विषय झटक्यात ठरला. मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून मला जपानी खेड्यांतल्या शेतकरी बायका देण्यात आल्या आणि मी त्या मुकाट घेतल्या. यांनी विषय दिला: दरबारातल्या स्त्रियांची पत्रं. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, संशोधनाची सामाजिक उपयुक्तता. तो त्यांनी मोकळा ठेवला. ज्या बैठकीत विषय मंजूर व्हायचा ती त्या सत्राची शेवटची होती. मंजूर झाला नाही तर त्यांची फेलोशिप थांबणार होती, आणि त्यांच्या घरात दुसरं काही येत नव्हतं.

साथीमुळे वसतिगृह बंद होतं. आम्ही गावी होतो आणि बैठक ऑनलाइन होती. आमच्या गावात रेंज म्हणजे देवाची कृपा, म्हणून आम्ही दोघं हसनाबादला ऑनलाइन कामाच्या दुकानात गेलो. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, सगळं तिथेच. दुकानदाराने मोठ्या मनाने एक संगणक आणि दोन स्टुलं दिली. मागे विम्याचे फॉर्म भरायला आठ-दहा माणसं रांगेत उभी, मास्क हनुवटीखाली.

माझा विषय सात मिनिटांत मंजूर झाला. मग त्यांचा आला.

समितीच्या प्रमुख आमच्या पहिल्या तासाच्या मॅडमच होत्या. बाई मनाने चांगल्या. त्यांच्या बोलण्यात खरी माया असे, म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. बोलणं हिंदीत चाललं होतं, त्यामुळे रांगेतल्या सगळ्यांना कळत होतं. इथे मराठीतच सांगते.

"प्रस्ताव उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण शेवटचा रकाना मोकळा राहिलाय."

"राहिला नाही मॅडम. ठेवलाय."

"का?"

"पुण्याच्या मुलीचा विषय चहाची भांडी आहे. तिने त्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवाल का?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. समितीतले एक सर म्हणाले, "तिचं वेगळं आहे. तिला त्या कलेची आवड आहे."

"माझीही आवडच आहे सर."

"हो, पण तुमच्यासारख्या परिस्थितीतून आलेल्या विद्यार्थ्याने जपानमधल्या बहिष्कृत वस्त्यांवर काम केलं तर त्याला किती अर्थ येईल. तुम्ही जे लिहाल ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही."

"ते मी जगलो सर. आता लिहायचंही तेच का? मला सुट्टी नाही का कधी?"

मागे रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय की." दुकानदाराने त्याला गप्प केलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे बघा, मला तुमचा विषय मंजूर करायचाय," त्या म्हणाल्या. "या पत्रांशी तुमचा काय संबंध आहे, एवढं एक वाक्य मला द्या. एकच. मी आत्ता सही करते."

ते एक वाक्य त्यांच्याकडे होतं. दिल्लीच्या चहाच्या टपरीवर त्यांनी ते मला सांगितलं होतं. ज्या बाईला आयुष्यात एकही पत्र एकटीने ऐकायला मिळालं नाही, तिचा मुलगा अशी पत्रं वाचत होता, जी ज्या बाईची तिच्याच हातात पडावीत म्हणून लोकांनी घडी आणि डहाळीसुद्धा ठरवून ठेवली होती. हे सांगितलं असतं तर समिती उभी राहून टाळ्या वाजवती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताठ बसले होते.

"नाही देणार," ते म्हणाले. "बाकी कुणाकडे मागत नाही, तर माझ्याकडेही मागू नका."

मॅडम म्हणाल्या, मग माझा नाइलाज आहे.

आणि मला राहवलं नाही. मी स्टूल पुढे ओढलं, कॅमेऱ्यात तोंड घातलं आणि म्हणाले, "मॅडम, एक मिनिट. मी सांगते." मी आमची ओसरी सांगितली, पायरी सांगितली, पायरीखाली उभी राहिलेली त्यांची आई सांगितली, तंबाखू मळणारी माणसं आणि त्यांचं हसणं सांगितलं. चार-पाच मिनिटं बोलले. फार छान बोलले. तेच वाईट झालं.

मग ते सर म्हणाले, "हाच तर खरा प्रस्ताव आहे." मॅडमनी पेन उचललं. त्यांनी तिथल्या तिथे नवं शीर्षक सुचवलं, त्यात मराठवाड्यातली आई आली, वाचनाचा हक्क आला, आणि शेवटी जपानही आला. विषय मंजूर. मागे रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्याच्या मायचं सांगून राह्यली ती. पाटलाची पोरगी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. संगणकाकडे पाहूनच म्हणाले, "मॅडम, मंजुरी मागे घ्या."

"काय?"

"ती गोष्ट माझ्या प्रस्तावात नाही. ज्यांनी सांगितली त्यांचीही ती नाही. ती माझ्या आईची आहे, आणि माझी आई या बैठकीला आलेली नाही. माझा विषय जसा दिला तसा नामंजूर करा." आणि हात जोडून त्यांनी संगणकावरची बैठक बंद केली.

बाहेर येऊन त्यांनी मोटरसायकलला किल्ली लावली. मी मागे धावले. "मी तुमच्या भल्यासाठी बोलले हो. फेलोशिप गेली ना आता."

"तुमचे आजोबाबी भल्यासाठीच वाचायचे," ते म्हणाले. "तुमच्या घरातलं ते काम अजून चालू हाय म्हणायचं."

ते गेले. मी रस्त्यात उभी. मला आधी त्यांचा रागच आला, आणि चांगला आठ दिवस टिकला. एवढा ताठा काय कामाचा, मी काय वाईट केलं, एका गोष्टीने माणसाचं आयुष्य सरळ होत असेल तर सांगायला काय झालं, असं मी स्वतःशीच भांडत होते. आठव्या दिवशी काकांनी जेवताना सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली. म्हणाले, तू आजोबांचं नाव काढलंस, पोरीनं दिल्लीत आपल्या ओसरीचं सांगितलं. मी ताट तसंच सोडून उठले.

फेलोशिप थांबली. शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर त्यांनी गल्ल्यावर बसायचं काम धरलं. इम्फाळचा आमचा मित्र एकदा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटून आला. त्याने सांगितलं, की ते तिथेही इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले असतात, समोर ते जुनं जपानी पुस्तक उघडं, आणि नवखे ट्रकवाले त्यांना कुणीतरी साहेब समजून गाडीचे कागद दाखवतात. कागद पाहून ते म्हणतात, बराबर हाय, आता जेवण सांगा.

पुढच्या सत्रात त्यांनी तोच प्रस्ताव पुन्हा दिला. तेच शीर्षक, शेवटचा रकाना मोकळा. नामंजूर. मॅडमनी फोन करून समजावलं, की त्या दिवशीचं सगळं आम्ही मान्य केलंच आहे, नुसतं लिहून द्या. हे म्हणाले, "लिहिणार नाही मॅडम. तुमचा वेळ चाललाय, माझाही चाललाय. बघू कुणाचा आधी संपतो." माझ्याशी ते बोलत नव्हते. मी तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाने पत्राचं उत्तर न देणं म्हणजे काय, ते मला चांगलंच कळत होतं.

तिसऱ्या वेळी बैठक दिल्लीत समोरासमोर होती आणि समितीत बाहेरच्या विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक आले होते. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, स्वतःच्या पिशवीतून एका जुन्या पानाची प्रत काढली आणि म्हणाले, "वाचा." हे वाचू लागले. अडेल तिथे थांबत, शब्दाचे तीन अर्थ सांगत, त्यातला कोणता इथे बसतो आणि का, हे सांगत त्यांनी चाळीस मिनिटं त्या एका पानावर घालवली. प्रत परत पिशवीत घालताना म्हातारे प्राध्यापक एवढंच म्हणाले, "याला आपण वर्षभर कशासाठी थांबवलं?" सही मॅडमनीच केली. त्यांनाही याचं श्रेय दिलं पाहिजे, कारण हरल्यावर सही करायला मोठं मन लागतं.

मी कार्यालयात जाऊन ती फाइल पाहिली आहे. शीर्षकात कुणाची आई नाही. उपयोगाचा रकाना पांढराशुभ्र आहे. तो पाहून मला एखाद्याने पदक पाहावं तसा अभिमान वाटला. त्यात माझा काडीचा वाटा नव्हता, असलाच तर उलटा होता.

पण माझं एक काम राहिलं होतं. यंदा उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. माझा जन्म त्या गावातला, आणि त्या आळीत मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. ते घरी नव्हते. त्यांची आई पत्र्याच्या सावलीत सुपात गहू घेऊन खडे वेचत बसल्या होत्या. साठीच्या, काटक, डोळ्यांवर जाड चष्मा.

"वळखलं," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "पाटलाची. खाली बसती का खाट देऊ?"

मी खाली बसले. पाठ करून आलेलं सगळं विसरले. "काकू, मी माफी मागायला आलेय. त्या दिवशी हसनाबादला..."

"दुकानातलं ना? त्याच दिशी कळलं. विम्याच्या लायनीत आपल्याच गावची चार माणसं व्हती. दिवस मावळायच्या आत आख्ख्या गावाला म्हाईत."

"त्यांनी नाही सांगितलं?"

"त्यो कशाचा सांगतोय. आला, जेवला, आपलं ताट घासलं आन पुस्तक घेऊन बसला."

मला रडू आलं. त्या खडे वेचत राहिल्या. रडू दिलं मला, थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "तुझा आजा वाचायचा चांगला. आवाज मोठा व्हता. पर समदं वाचत नव्हता."

"म्हणजे?"

"मधीच थांबायचा. डोळे फिरवायचा खालवर, गालातल्या गालात हासायचा, शेजारच्याला दाखवायचा. त्योबी हासायचा. मंग पुढली वळ धरायचा. मला कळायचं, काईतरी गाळलं. पर इचारावं कसं? वर माणसं बसलेली."

"मग ती पत्रं?"

"घरी आणून ट्रंकेत ठिवायचे. मालक गेले तव्हा तेवढीच ऱ्हायली. मंग गावात साक्षरतेचा वर्ग आल्ता. बाया सही शिकाया गेल्त्या. मी मास्तरणीला म्हनलं, सही घेऊन मी काय करू, मला पुरं वाचाया शिकव. दोन सालं लागली."

"मग वाचलीत?"

"वाचली की. एकेक. दार लावून."

मी गप्प बसायला हवं होतं. एवढं सगळं होऊनही माझ्या तोंडातून निघून गेलंच. "काय होतं हो त्या गाळलेल्या ओळींत?"

त्यांनी सूप मांडीवर ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. गंमत वाटल्यासारख्या पाहत होत्या.

"तुला कामून सांगू?"

मी मान खाली घातली. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, दोनदा हलवलं, एक खडा वेचून बाजूला टाकला.

"त्यालाबी न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "पर त्यानं कदी इचारलंबी न्हाई."